एकसष्ट फोटोंचा नाकतोडा

११ नोव्हेंबर २००७, रविवार
आजपासून फोकस स्टॅकिंग. किड्याच्या फार जवळ गेलं की डोळा शार्प येतो, पाय धूसर. म्हणून फोकस केसभर सरकवत फोटोच फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकात एक जोडायचे. अख्खा किडा शार्प! अट एकच, त्याने हलायचं नाही. अंबडच्या कंपनीत सतरा वर्षं मशीनचे पार्ट तपासतोय, किडा काय चीज आहे! ९ डिसेंबरला फोटो क्लबचं प्रदर्शन. पहिला नंबर नक्की.

१४ नोव्हेंबर
मुंगळा. वीस फोटो. जोडल्यावर अकरा पाय. मुंगळ्यांना शिस्त नाही.

१७ नोव्हेंबर
गार केलेला किडा हलत नाही म्हणे. नाकतोडा डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवला. बायकोने, साधनाने, चटणी समजून डबी उघडली. कलेची कदर नाही. नाकतोडा स्वयंपाकघरातच आहे कुठेतरी.

२० नोव्हेंबर
कुंडीतली कुत्र्याची छत्री. ही तरी हलणार नाही. ट्रायपॉड लावला, आंघोळ उरकून आलो, तर तिने मान टाकलेली.

२५ नोव्हेंबर, सकाळी ७
मेहुण्याचा साखरपुडा, विंचूरला. दहाला निघायचं. तोवर पंधरा फोटो सहज.

९.४०
गुलाबाच्या फांदीवर नाकतोडा. मिशीही हलवत नाही! माझ्यावर विश्वास बसलेला दिसतो. साधनाने विचारलं, येताय की नाही? म्हटलं, हळू बोल, तो उडेल. मग ती अगदी हळू म्हणाली, "बसा त्याच्याजवळच." एसटीने एकटी गेली.

दुपारी १
एकसष्ट फोटो!

२८ नोव्हेंबर
जोडला. मिशीचं टोकसुद्धा शार्प. रंग जरा फिका, तो उन्हाचा दोष. साधना अजून विंचूरलाच. फोनवर म्हटलं, फोटो बघशील तर राग विसरशील. तिने फोन सासूबाईंकडे दिला. त्यांनी विचारलं, जेवताय ना वेळेवर?

९ डिसेंबर
साधना आली प्रदर्शनाला. आमच्या भाजीवाल्या कलाबाईंनाही मुद्दाम बोलावलं होतं, मळ्यातल्या माणसाला किड्यातलं कळतं म्हणून. त्या फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "दादा, नाकतोडा कुठं हाय यात? ही त्याची कात हाय. पाठीवरची चीर बघा की. त्यो कवाच गेला सोडून."

चीर अगदी शार्प आली होती.

परीक्षक मागेच होते. त्यांनी वाकून पाहिलं आणि पुढच्या फोटोकडे गेले. साधना हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.