हारुनने बसवलेली लिव्हर

मस्तगड, जालना
ता. १७ ऑक्टोबर २०२४

चि. राजानंद यास दैवशालाचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्याचं कारण एकच. हारुनच्या उजव्या हाताची तीन बोटं लोखंडी गजाने मोडली आहेत आणि ती तुझ्या यंत्रापायी मोडली आहेत.

त्याची आई अकबरबी आज सकाळी माझ्या दारात येऊन बसली. चहा घेतला नाही, आत आली नाही. तिने सांगितलं ते असं. परवा सोमेश्वरची दोन्ही पोरं पिंपळगाव रेणुकाईला हारुनच्या दुकानात शिरली. आधी वेल्डिंगचं मशीन फोडलं. मग त्याचा हात ऐरणीवर दाबून धरला आणि विचारलं की आमच्या बापाचा पाय तोडणारी मशीन ह्याच हातानं बनवली का. तो काही सांगायच्या आत गज पडला. पोलीस आले, त्याला दवाखान्यात नेलं, प्लास्टर घातलं आणि तिथून त्यालाच ठाण्यात घेऊन गेले. सदोष यंत्र बनवून एका माणसाला अपंग केलं असा गुन्हा त्याच्यावर आहे. ज्यांनी बोटं मोडली ते घरी आहेत.

सोमेश्वरचा डावा पाय गुडघ्याखाली गेला, तो अजून संभाजीनगरला बेशुद्ध आहे, एवढं मला ठाऊक होतं. चुलतभाऊ म्हणून मी दोनदा जाऊन पाहूनही आले. पण हारुनची लिव्हर अडकली आणि पातं थांबलं नाही, असा जबाब तू दिलास हे मला अकबरबीच्या तोंडून कळावं?

तुझी यंत्रं मला नवी नाहीत. दादांच्या सायकलची चेन काढून तू शेवग्याच्या शेंगा पाडायचं यंत्र केलं होतंस. शेंग एक पडली, दादा तीन दिवस चालत शाळेत गेले. तेव्हा मी हसले. दीड एकर सोयाबीनसाठी मोठं हार्वेस्टर कोणी आणत नाही म्हणून तू घरीच कापणीयंत्र करायला घेतलंस, तेव्हाही तुला नावं ठेवली नाहीत. आता मात्र काय घडलं ते पहिल्यापासून लिही. फोनवर बोलणार नाही. तू फोन स्पीकरवर टाकतोस आणि अर्धं धावडा ऐकतं. उत्तर एसटीच्या वाहकाजवळ दे.

गिरिजास व मुलींना आशीर्वाद. लोभ आहे, तो टिकवणं तुझ्याकडे.

दैवशाला

धावडा
ता. २० ऑक्टोबर

ती. अक्कास राजानंदचा सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र गिरिजाच्या हातात पडलं, तिनं वाचून मंग मला दिलं. दोन दिवस झाले, घरात भांडी आपटून राह्यली.

अक्का, हारुनचं ऐकून मलाबी बरं वाटलं न्हाई. पण जे झालं ते झालं. यंत्र कसं होतं ते तुला सांगतो, म्हंजी तुझ्या ध्यानात येईल. जुन्या मोटारसायकलचं इंजिन, दोन चाकं, पुढं लाकूड कापायचं बारा इंची गोल पातं. धरायला दोन मुठी. उजवीकडं ॲक्सिलेटर, डावीकडं लिव्हर. लिव्हर दाबून धरली की पट्टा ताणतो अन् पातं फिरतं. सोडली की ढिल्ला पडतो अन् पातं थांबतं. ही लिव्हरची आयडिया हारुनची. मी म्हणल्तो कशाला खर्चा, तो म्हणला की ह्याच्याबिगर मी मशीन देणार न्हाई.

खंडेनवमीला आपण सगळ्या अवजारांची पूजा करतो तशी याचीबी केली. हळद, कुंकू, झेंडूची माळ, अन् लाल नाडा. नाडा लिव्हरला अन् मुठीला मिळून बांधल्या गेला. पूजेचा नाडा आपण सोडीत न्हाई, आपोआप तुटंस्तोवर ऱ्हाऊ देतो, तुला माहीतच हाय. दसरा झाल्यावर रईवारी घरूनच इंजिन चालू करून कापायला गेल्तो. सोमेश्वर बांधावर आल्ता, पाय घसरून पुढं आला. मी लिव्हर सोडली, पण नाड्यानं ती दाबलेलीच राह्यली. पातं थांबलं न्हाई. पंचनाम्यालाबी नाडा तसाच होता, सगळ्यांनी पाह्यला. पण पोलीस म्हणले की साध्या नाड्यानं अडकती ती लिव्हरच सदोष, अन् माझ्या जबाबात तसंच लिवलं.

देवाची करणी. दुसरं काय. आता तू तब्येतीला जप, गोळ्या टायमावर घे.

तुझ्या मायेतला,
राजानंद

मस्तगड, जालना
ता. २२ ऑक्टोबर

चि. राजानंद यास आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. मी एकतीस वर्षं आठवी ते दहावीला विज्ञान शिकवलं. हारुन माझ्या वर्गात होता आणि खोटं उत्तर लिहिण्यापेक्षा जागा कोरी सोडायचा. तू कधीच कोरी सोडली नाहीस.

लिव्हर दाबली की पातं फिरतं, असं तूच लिहितोस. मग ती खंडेनवमीपासून नाड्याने दाबलेली असेल, तर रविवारी किक मारताक्षणी पातं फिरायला हवं होतं. किकपासून पातं किती लांब? तुझी पोटरी शाबूत कशी? आणि घरापासून शेतापर्यंत तू इंजिन चालू ठेवून यंत्र नेलंस. देवळापुढून, शाळेपुढून, पाण्याला निघालेल्या बायांमधून. गावातून उघडं पातं फिरवत नेलं आणि एकाही माणसाने तुला शिवी दिली नाही?

पंचनाम्याला आलेल्यांनी नाडा पाहिला आणि माना डोलावल्या, कारण प्रत्येकाच्या घरी नाडा बांधतात आणि कोणीच सोडत नाही. तुला हे पक्कं ठाऊक होतं. मला तेच भयंकर वाटतं.

मी गिरिजाला फोन केला. तुझ्यापासून लांब जाऊन बोल म्हणाले. ती गोठ्यात गेली आणि रडत म्हणाली की नाडा तिने स्वतः चाकाच्या दांडीला बांधला होता. लिव्हरला हात लावायची तिला भीती वाटली, हारुनभाऊंनी सांगून ठेवलं होतं की वहिनी, याला सहज म्हणून सुद्धा दाबायचं नाही.

तर चाकाच्या दांडीवरचा नाडा लिव्हरवर कधी गेला, कोणी नेला आणि का, एवढंच लिही. गोळ्या मी वेळेवर घेते.

दैवशाला

धावडा
ता. २५ ऑक्टोबर

ती. अक्का,

तू मास्तरीण होतीस, मास्तरीणच राह्यलीस. लिवतो. कुणाला दाखवू नको.

शेवटची पट्टी राह्यल्ती, बांधाकडची. सोमेश्वर येऊन बांधावर उभा राह्यला. आधी हसला. म्हणला की न्हाव्याची मशीन घेऊन शेतात का आलास, गावात फीर, चार डोकी तरी होतील. मी कापीत राह्यलो. मंग म्हणला की शेवटच्या दोन ओळी माझ्या. अन् खाली उतरून माझ्या पातीत पाय रोवून उभा राह्यला. मी म्हणलो की सरक, लिव्हर दाबेल हाय. तर म्हणला की तुझ्यात धमक असती तर चार वर्षाखाली बायकोपुढं मार खाऊन रडला नसतास, अन् बहिणीच्या घरी पळाला नसतास.

अक्का, तुला ते दिस आठवतात का? त्यानं मला कुदळीच्या दांड्यानं हाणल्तं. खांदा मोडल्ता. मी तुझ्याकडं आलो, केस करायची म्हणलो, अन् तू म्हणलीस की घरातलं भांडण घरात ठेव. मी ठेवलं. चार वर्षं ठेवलं. तो रोज बांधावरून जाताना खांदा वाकडा करून दाखवायचा, पोरींपुढंबी.

मी लिव्हर सोडली असती तर पातं तीन मोजायच्या आत थांबलं असतं. हारुननं बराबर बनवल्तं. मी सोडली न्हाई. दाबून धरली अन् दोन पावलं पुढं गेलो. त्याचं तोंड पाहून राह्यल्तो. सोयाबीन कापताना सरसर आवाज येतो, हा आवाज तसा नव्हता. बूट, हाड, सगळं एका दमात. रक्त माझ्या तोंडावर उडालं अन् खरं सांगतो, त्या घडीला मला गार वाटलं. देवा शप्पथ गार वाटलं.

तो पडला, वरडून राह्यल्ता. मी इंजिन बंद केलं. चाकाच्या दांडीचा नाडा सोडला अन् लिव्हरला बांधला. मंग उपरणं काढून त्याच्या पायाला बांधलं. आधी नाडा, मंग उपरणं. हे मी कुणाला सांगितलं न्हाई, गिरिजालाबी न्हाई.

हारुनवर जाईल असं वाटलं नव्हतं. वाटलं, देवावर जाईल.

काल सोमेश्वरनं डोळे उघडले. अजून बोलत न्हाई. बोलला की त्याची पोरं मला कुऱ्हाडीनं कापतील. मी उशाला कोयता ठेवून झोपतो. येऊ दे, एक तरी घेऊन जाईन. तू हे वाचून जाळून टाक.

राजानंद

मस्तगड, जालना
ता. २७ ऑक्टोबर

चि. राजानंद,

जाळलं नाही.

चार वर्षांपूर्वीचं तू लिहिलंस ते खरं आहे. तुझा खांदा बांधून तू माझ्या पलंगावर बसला होतास आणि मी भाऊबंदकीची लाज तुझ्या हाडापेक्षा मोठी मानली. सोमेश्वरला त्या दिवशी मी मोकळं सोडलं. त्याने तुला चार वर्षं खिजवलं त्यात माझाही हात आहे. हे मी ठाण्यात याच शब्दांत सांगणार आहे. पण एकदा झाकलं म्हणून दुसऱ्यांदा झाकणार नाही. तेव्हा झाकल्याची किंमत तू दिलीस. आता हारुन देतोय, आणि त्याने तर कोणाला शिवीही दिली नव्हती.

तुला गार वाटलं. खरं लिहिलंस म्हणून अजून तुला भाऊ म्हणते.

कोयता विहिरीत टाक. एक तरी घेऊन जाईन म्हणजे काय? ती पोरं त्यांच्या बापासाठी पेटली आहेत आणि खोट्याच्या नादी लागून त्यांनी चुकीच्या माणसाचा हात मोडला. त्यांच्या गुन्ह्यालाही तूच हात दिलास.

बुधवारी पहिल्या गाडीने मी येते. अकरा वाजता ठाण्याच्या दारात असेन. तू आलास तर तू बोल. नाही आलास तर मी तुझं पत्र टेबलावर ठेवीन आणि ते बोलेल. पळायचं मनात आणू नकोस. तू आजवर पळालास ते फक्त माझ्या घरी, आणि ते दार या वेळी बंद आहे.

जेवून ये.

दैवशाला

धावडा बसथांबा
ता. ३० ऑक्टोबर

चि. सौ. गिरिजा हिस अनेक आशीर्वाद.

गाडीला वेळ आहे. घरी आले तर तुझ्यापुढे बोलता येणार नाही, म्हणून इथेच लिहून थांब्यावरच्या चहावाल्याच्या हाती देते.

तो अकराला दहा कमी असताना आला. दाढी करून आला होता. ठाण्याच्या फाटकाशी सोमेश्वरचा धाकटा उभा होता. त्याच्या बापाने सकाळी पहिलं नाव घेतलं होतं, ते राजानंदचं. पोराने अर्धी वीट उचलून मारली, राजानंदची डावी भुवई फुटली. दुसरी माझ्या पाठीत बसली, कारण मी मध्ये होते. राजानंदने मुठी वळल्या, मी त्याचं मनगट धरलं. शिपायांनी पोराला आत ओढलं, त्याच्या मागोमाग राजानंद स्वतः आत गेला. माझ्याकडे न बघता सगळं सांगितलं. नाड्याचंही.

हारुनला आज सोडतील असं म्हणतात. अकबरबी बाहेर बसली होती. मला पाहून ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली. हारुनचा हात पूर्वीसारखा वेल्डिंग करेल का, हे डॉक्टर सांगत नाहीत.

तू गोठ्यातून खरं बोललीस म्हणून हे झालं. त्याबद्दल तुला गावात कोणी टोचलं तर माझं नाव सांग. मुलींना दिवाळीनंतर माझ्याकडे पाठव. माझी माया तुम्हा तिघींवर आहे, मागावी लागणार नाही.

ठाण्यात जे दिलं त्या यादीची नक्कल खाली उतरवते, जपून ठेव.

राजानंदचं २५ ऑक्टोबरचं पत्र, मूळ प्रत, दोन पानं. २०२० सालचा त्याच्या उजव्या खांद्याचा एक्स-रे, माझ्या कपाटातून. माझा जबाब, दीड पान. कोठडीत देण्यासाठी एक स्वेटर आणि धुतलेला सदरा.
राजानंद, वय एकावन्न, भुवईवर तीन टाके, चालता-बोलता.
देणार: दैवशाला, निवृत्त शिक्षिका, मस्तगड. आरोपीशी नातं: सख्खी थोरली बहीण.