फाटक्या अर्जातली चार अक्षरं

१४ मार्च, शनिवार

ती. बाबांना,

नमस्कार. खोकला गेला. आईला सांगा, स्वेटरच्या बाह्या जरा लांब झाल्यात, पण ऊब छान आहे.

तोंडी परीक्षा मंगळवारी झाली. कळवायला चार दिवस लावले, यावरून तुम्ही ओळखलंच असेल.

माझा प्रबंध ज्यावर आहे तो पपायरसचा तुकडा तुम्हाला ठाऊक आहे. अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक राजांच्या काळात एका विधवेनं केलेला अर्ज: दिरानं घर बळकावलं, ते परत मिळावं. खाली अधिकाऱ्याचा शेरा, पण नेमकं तिथंच भोक पडलंय. भोकाच्या कडेला शाईचे ठिपके दिसतात, असं मी लिहिलं. चार अक्षरं. त्यावरून ‘घर परत द्यावं’ असा हुकूम निघाला. माझे मार्गदर्शक सर खूश झाले. दोन वर्षांत पहिल्यांदाच मला समोर बसवून त्यांनी चहा पाजला. लेख दोघांच्या नावानं छापून आला. तुम्ही तो शेजारीपाजारी दाखवलात.

बाबा, तिथं शाई नव्हती.

फोटोत सावली पडली होती. मूळ तुकडा भिंगाखाली पाहिला तेव्हाच मला कळलं. लेख तेव्हा अजून छापायला जायचा होता. मी गप्प बसले.

सोमवारी समजलं, बाहेरून येणाऱ्या परीक्षक बाईंनी मूळ तुकडा टेबलावर मागवलाय. मी सरांकडे धावले, सगळं सांगितलं.

“शाई उडाली म्हण,” ते म्हणाले. “दोन हजार वर्षांची वस्तू आहे. कोण हरकत घेणार?”

मंगळवारी बाईंनी भिंग माझ्याच हातात दिलं. “दाखवा बघू, कुठं आहेत ती चार अक्षरं?”

सर माझ्याकडेच बघत होते.

“नाहीत,” मी म्हटलं. “कधीच नव्हती. आणि मला ते माहीत होतं.”

सर उठून गेले.

पदवी रोखली आहे. लेख मागे घ्यायचं पत्र मी दिलं. सहा महिन्यांत प्रबंध नव्यानं लिहायची मुभा आहे, पण मार्गदर्शक माझा मीच शोधायचा. सर जिन्यात दिसले की मान फिरवतात.

तुम्ही तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलीत. मूळ प्रतीत नसलेला एक काना कधी पदरचा घातला नाहीत. म्हणून तुम्हालाच लिहायला सगळ्यात जड गेलं. शेजारी विचारतील, माझ्यासाठी म्हणूनसुद्धा खोटं बोलू नका.

हवं तेवढं रागवा, पण दोन ओळी तरी पाठवा.

अजून तुमचीच म्हणवून घ्यायची हिंमत करणारी,
धाकटी