फक्त अर्धा सेकंद

४ मे
शंभर मीटर पोहायला सत्तर सेकंद! फलकावर सत्तर. माझ्या वहीत सरावाला अडुसष्ट, आणि निवडीची मर्यादा एकोणसत्तरची.

पोरगी पाण्यातून निघाली ती थेट पंचांकडे. "तुमचं यंत्र चुकलंय. माझे बाबा घड्याळं दुरुस्त करतात, त्यांचं घड्याळ चुकत नाही." आजूबाजूचे हसले. मी मान खाली घालून तिचा टॉवेल पिळत बसलो. कोरडाच होता तो.

५ मे
घड्याळ चुकत नाहीच. चुकला तो अंगठा.

तीन वर्षं झाली. सराव वाईट गेला म्हणून ती रडकुंडीला आली होती. पुढच्या फेरीला तिचा हात भिंतीला लागायच्या आधीच मी स्टॉपवॉचचं बटण दाबलं. अर्धाच सेकंद. आकडा ऐकून काय खुलली! वाटलं, पोटच्या पोरीला जरा धीर दिला, कुठे बिघडलं? पण दुसऱ्या दिवशी खरा आकडा सांगायचा तर ती मागे पडलेली दिसणार. मग पुन्हा लवकर दाबलं. अर्ध्याचे दोन कधी झाले, कळलंच नाही. दुकानात लोकांची मागे पडणारी घड्याळं सरळ करायची, आणि सकाळी तलावावर हे धंदे.

६ मे
लिहवत नाही. तिने फेरचाचणीचा अर्ज लिहायला घेतलाय.

८ मे
तिचे कोच दुकानात आले होते. दोन वर्षं तिच्या मागे लागलेत म्हणे — शंभर मीटर सोड, तुझा दम लांब पल्ल्याचा आहे. ती ऐकेना. बाबांची वही बघा, दर महिन्याला वेळ कमी होतेय, असं सांगायची. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दोन वर्षं! हात देतोय असं समजत होतो आणि तिच्याच वाटेत आडवा पडलो होतो. लांब पल्ल्याची चाचणी बावीस तारखेला आहे. पण ती या अर्जातून बाहेर पडेल तेव्हा ना.

बायकोला सगळं सांगितलं. तिने निवडायला घेतलेली भाजी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "तिला सांगा. मी सांगणार नाही."

९ मे
अर्जाला माझी वही जोडायची आहे. पानोपानी माझी सही हवी. पेनही तिनेच आणून दिलं. उद्या करतो म्हणालो. शेपूट घातली!

१० मे
सांगितलं.

रडली नाही, ओरडली नाही. अर्ज फाडला. एवढंच म्हणाली, "हरले त्याचं काही नाही, बाबा. पण आता तुम्ही कशालाही चांगलं म्हणालात, तर मी काय समजू?"

 

१४ मे
आज लांब पल्ल्याच्या सरावाला उतरली. आम्ही दोघंही गेलो होतो. पाण्यात जायच्या आधी तिने माझ्याकडून स्टॉपवॉच मागून घेतलं आणि आईच्या हातात दिलं. आईला ते सुरू कसं करायचं हेसुद्धा माहीत नाही.