चौसष्ट अक्षरं

७ ऑक्टोबर, मंगळवार

ठरलं — लिनक्स मिंट! आबांच्या केळीच्या धंद्याच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर भंगारात चालला होता, मी मागून घेतला. विंडोज रडतखडत चालतं, त्याऐवजी ही फुकटची सिस्टिम टाकणार. रॅम चारच जीबी, म्हणून मिंटचं हलकं रूप निवडलं. पण फाईल जवळजवळ तीन जीबी आणि मोबाईलला रोजचे दीड!

भुसावळच्या हितेंद्रला कळलं. परवाच मला बघायला आला होता तो. डाउनलोड करून पेनड्राइव्ह पाठवतो, असा आपणहून निरोप! येत्या रविवारी आबांना त्यांच्याकडे होकार-नकार कळवायचाय. मुलगा मला आवडलाय. इथे लिहायला काय जातं?

९ ऑक्टोबर, गुरुवार

आला! सोबत एक कागद — चेकसम, हाताने लिहिलेली चौसष्ट अक्षरं. फाईलमध्ये जरासं काही बदललं की हा आकडा पार बदलतो म्हणे. आईने कागद वाचला, कॉम्प्युटरने फाईलवरून काढलेल्या आकड्याशी मी स्क्रीनवर बोट ठेवून जुळवत गेले. सगळी जुळली! आईला मिठीच मारली. अक्षर काय सुरेख आहे त्याचं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

दात घासताना ट्यूब पेटली. फाईल त्याची, कागदही त्याचाच. जुळणारच की! आकडा मिंटच्या साइटवरून घ्यायला हवा.

आई चिडली. "पावन्यानं देल्लं, ते तपासतं का कोनी?"

तरी मोबाईलवर साइट उघडली. पहिल्याच अक्षराला फरक. पुढेही काही धड जुळेना.

बायोडाटाही त्यांच्याकडूनच आलाय. शिक्षण, नोकरी, सगळं त्यांनी लिहिलेलं. आबांनी बाहेर कुठे विचारलंय?

११ ऑक्टोबर, शनिवार

फोन केला. सरळ सांगितलं — फाईल जुळत नाही. वाटलं, रागावेल. तर म्हणाला, डाउनलोड मध्येच तुटलं होतं. साइटवर पाहिलंच नाही. आपल्याच फाईलचा आकडा काढून लिहिला, तुमच्यावर छाप पडावी म्हणून. हसूच आलं मला!

दुपारी स्वतः येऊन नवा पेनड्राइव्ह आबांच्या ऑफिसात देऊन गेला. कागद नाही! नुसता मेसेज — आता तुम्हीच साइटवर बघा.

बघितलं. चौसष्टच्या चौसष्ट! मिंट बसलंसुद्धा.

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळीच हितेंद्रचा फोन. बायोडाटा त्याच्या मामांनी लिहिलाय, त्यात नोकरी कायमची दाखवलीय. "मी कंत्राटी आहे, मार्चपर्यंत. तुम्ही तपासायच्या आधी सांगतो."

कंत्राटी ऐकून आई रडतेय. आबांना म्हटलं, होकार कळवा.