चहाच्या वेळचं बोलणं

माय, काल दुपारी फोन ठेवला तेव्हापासून माझी बोटं गार पडली आहेत. चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसले तरी ऊब येत नाही. सिंदी मेघेच्या या घरात आता मी एकटीच असते. तुझा जावई गेला, पोरगी पुण्याला नोकरीला आहे. भरदिवसा मी दाराला कडी लावून बसले आहे. कोण येणार आहे ते मलाही सांगता येत नाही. ही गोष्ट कोणाजवळ बोलायची नाही असा कागद मी सही करून दिलेला आहे, म्हणून पोरीलासुद्धा सांगितली नाही. मेलेल्या माणसाला सांगू नये असं त्या कागदात कुठं लिहिलेलं नाही. तुला वाचता येत नव्हतं हे मी विसरले नाही, तरी तुलाच लिहिते.

माझं काम काय ते आधी सांगते, कारण तू होतीस तेव्हा असलं काम आपल्याकडे कोणी ऐकलंही नव्हतं. कारखान्यांत, कंपन्यांत बैठका होतात, चौकश्या होतात. तिथलं बोलणं फोनवर भरून घेतात. ते वर्ध्याच्या एका ऑफिसात येतं आणि तिथली मॅडम ते माझ्याकडे पाठवते. कॉम्प्युटर आधी स्वतःच ऐकून लिहून देतो, पण आपली बोली त्याला अर्धीच कळते, आणि दोन माणसं एकदम बोलली की तो मोठ्या आवाजाचं धरतो, लहान आवाजाचं सोडून देतो. मग मी कानाला हेडफोन लावून ऐकते आणि चुकलेलं नीट करते. प्रत दोन तऱ्हेची असते. एक जशीच्या तशी, दुसरी साफ. बहुतेकांना साफच लागते. साफ म्हणजे खाकरणं काढायचं, तेच ते पुन्हा आलेलं काढायचं, अर्धं सुटलेलं वाक्य काढायचं, चहा-नाश्त्याचं बोलणं काढायचं. साहेब लोकांना वाचायला वेळ नसतो. माझा हात त्यात चांगला बसला होता. तुझा जावई गेल्यावर पहिल्या वर्षी मला माणसांत बसवत नव्हतं, आणि हे काम असं की माणसांचे आवाज कानात येतात पण कोणी तोंडाकडे पाहत नाही. त्या दिवसांत या कामानंच मला धरून ठेवलं.

टायपिंग पोरीनं शिकवलं. वाचायला मात्र तुझ्या रद्दीनं शिकवलं. चौथीनंतर तुम्ही मला शाळेतून काढलं, त्याचं मी आज काही म्हणत नाही. तू भाजी बांधायला रद्दी आणायचीस आणि त्यातून अख्खे कागद निवडून घ्यायचीस. रद्दीवाला तुला चिडवायचा, "भाजी बांधाले अख्खा पेपर कायले पाह्यजे वं बाई? तुही भेंडी वाचते का?" तू म्हणायचीस, "वाचते ना. तुह्यासारखी अडाणी नाई राह्यली पाह्यजे." आंजीच्या आपल्या स्वयंपाकघरात चुलीसमोर तू सांभाराची, कोथिंबिरीची जुडी निवडत असायचीस आणि मी ते कागद जमिनीवर पसरून वाचायची, अर्धी बातमी या कागदावर, पुढची अर्धी कोणाच्या तरी घरी मेथीभोवती. कागद उलटा आहे की सुलटा हे तुला कळायचं नाही, पण मी वाचत असले की तू त्यावर पाय देत नव्हतीस, वळसा घालून जायचीस. तुझ्याकडून मिळालेली भेट कोणती असं कोणी विचारलं तर मी तेच अख्खे कागद सांगीन.

परवा जो आवाज आला तो एका जिनिंग फॅक्टरीतला होता. कापसातून सरकी वेगळी करणारा रेचा असतो, त्याच्यावर काम करणाऱ्या एका बाईचा हात त्यात गेला होता. त्याची चौकशी. विचारणारे साहेब, बाजूला मुकादम, आणि ती बाई. साहेबांचा आवाज काही वाईट नव्हता गं. समजुतीनं बोलत होते. सुरुवातीलाच म्हणाले, "घाबरू नका बाई, हे सगळं कागदावर येणार आहे, त्याच्यावरूनच वरचे लोक ठरवतील चूक कोणाची, अन् तुम्हाला कामावर ठेवायचं का नाही." ती म्हणाली, "जी."

मग ते विचारतात, "मशीन बंद करूनच कचरा काढायचा, हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"माहीत होतं साहेब, पण त्या दिवशी मुकादमदादानं..."

"पणबिण राहू द्या. माहीत होतं ना?"

"होतं साहेब. बंद कराले गेली का हे म्हणे, गाड्या खोळंबून..."

"म्हणजे माहीत होतं. ठीक आहे. आता हात कसा आहे?"

"आराम हाये साहेब."

"चांगलं आहे. अरे, चहा सांगा रे."

चहा येतो. कपबश्यांचा आवाज. साहेब म्हणतात, "घ्या बाई, गरम आहे." ती म्हणते, "नाई साहेब, राहू द्या." मुकादम हसून म्हणतो, "घे ना वं, लाजते काय? साहेब सोता देऊन राह्यले." मग बशी खडखडते, आणि काहीतरी पडतं. आणि ती बाई, माय, किती हळू, जणू कपाचीच माफी मागते तशी म्हणते, "धरता नाई येत साहेब. बोटाईले समजतच नाई काई धरलं म्हून." साहेब म्हणतात, "राहू द्या, राहू द्या, फडकं आणा." आणि पुढचा प्रश्न सुरू.

कॉम्प्युटरनं लिहून दिलेल्या प्रतीत तिची दोन्ही अर्धी वाक्यं जवळजवळ नव्हतीच, साहेबांच्या आवाजाखाली गेली. जी थोडी आली होती ती मी नियमानं काढायची, कारण वाक्य पुरं नाही. चहाचं तर काढायचंच. ते सगळं काढलं की काय उरतं ते मी वाचून पाहिलं. नियम माहीत होता. हाताला आराम आहे. एवढंच. एकही शब्द खोटा नाही. आणि बाईचं काम गेलंच समज.

मी खुर्चीतून उठले आणि मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले. मला भीती वाटली ती साहेबांची नाही. आजवर मी किती प्रती साफ केल्या, त्यातली किती अर्धी वाक्यं केराबरोबर झाडून टाकली, हे मला आठवेना, त्याची.

आणि मग तू आठवलीस. आर्वीचा बाजार. पहाटेच्या एसटीनं आपण वांग्यांचं टोपलं घेऊन गेलो होतो. आदल्या दिवशी तोडणीनंतर तू दुसऱ्या कामाला लागलीस आणि मी बसून सगळ्या वांग्यांचे देठ खुडून टाकले. देठाला काटे असतात, गिऱ्हाइकाच्या बोटाला टोचतात, म्हणून. वरून कापडानं पुसली. कशी चकचकीत, सारखी दिसत होती! बाजारात आडत्यानं फडकं उचललं आणि हसायलाच लागला. "देठाबिगर वांगे? कोनत्या जत्रेचे आणले वं बाई? महिन्याचे हायेत का दोन महिन्याचे?" तू म्हणालीस, "नाई दादा, कालच तोडले, ते पोरीनं..." "पोरीनं का धोरीनं, उचल." "दादा, एक फोडून तर..." "उचल म्हटलं ना. मागं लाइन लागून राह्यली." तू म्हणालीस, "हो दादा." आणि टोपलं उचललंस, तेव्हा घाईत काही वांगी खाली सांडली. रद्दीवाल्यापुढं, बायकांत, घरात तुझ्यासारखी जीभ कोणाची नव्हती. पण वजनकाट्यामागं बसलेला माणूस दिसला, टेबलामागं बसलेला दिसला, की तुझं वाक्य मध्येच सुटायचं. मला राग यायचा. पुरं बोल ना, असं वाटायचं. परत येताना एसटीत तू मला म्हणालीस, "देठ राहू द्या लागते, माये. काटे असले तरी राहू द्या लागते. देठ हिरवा हाये का सुकला, त्याच्यावरूनच लोकाईले समजते वांगं केव्हाचं हाये."

तर मी त्या बाईची वाक्यं ठेवली. जिथं तुटली तिथं टिंबं दिली, कोणी तोडली तेही तसंच दिसू दिलं. चहा ठेवला, खडखडलेली बशी ठेवली, "धरता नाई येत" ठेवलं. आणि परवा संध्याकाळीच पाठवून दिलं, रात्री मन बदलायला नको म्हणून.

काल दुपारी मॅडमचा फोन आला. तिच्या फोनमध्ये आधी एक बाई बोलते, की हे बोलणं भरून घेतलं जात आहे. रोज ऐकते, काल पहिल्यांदा कानाला लागलं. "अहो ताई, हे काय पाठवून राह्यल्या तुम्ही? पार्टी भडकली आहे माझ्यावर. साफ कॉपी मागितली होती, तुम्ही तर पूरा नाटकच लिहून पाठवलं. चहा काय, बशी काय!"

मी म्हटलं, "मॅडम, ती बाई चहाच्याच वेळी..."

"ताई, आपण टाइप करतो. वकिली नाही करत. तुमचं काम मला पसंत आहे म्हणून सांगून राह्यली. उद्या पाचपर्यंत साफ करून द्या, नाहीतर मी कॉम्प्युटरचंच थोडं पाहून पाठवून देईन. अन् तो आवाज पुसला ना तुमच्याकडचा?"

"नाही, म्हणजे मॅडम, त्या बाईचं..."

"पुसून टाका लगेच. नियम आहे. ठीक आहे ना?"

मी म्हटलं, "हो मॅडम."

फोन ठेवला आणि तेव्हापासून ही बोटं अशी आहेत. माझी दोन अर्धी वाक्यं आता कुठंतरी भरून ठेवलेली आहेत, माय. उद्या कोणी ती लिहायला बसलं तर साफ करताना काय ठेवील? "हो मॅडम."

हे लिहिता लिहिता चार वाजून गेले. मघाशी दारावर कोणी थाप मारली तर मी श्वास धरून बसले. शेजारीण होती, विरजण मागायला आलेली. वाटी घेताना तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "काऊन वं काकू, ताप हाये का अंगात?" मी म्हटलं, झोप झाली नाही. ती गेल्यावर मी कॉम्प्युटरसमोर बसले, तीच प्रत उघडली, आणि पुन्हा एकदा सगळा आवाज ऐकला. या वेळी एक गोष्ट नवी ऐकू आली. कप पडल्यावर सगळे फडक्याच्या गडबडीत असताना ती बाई स्वतःशीच म्हणते, "तवापासून भाकर थापता नाई आली." तेही लिहिलं. वर एक ओळ घातली, की चहाच्या वेळचं बोलणं याच चौकशीतलं आहे, काढू नये. आणि पाठवलं. मॅडम ते पुढं देईल की फेकून कॉम्प्युटरचं देईल, मला माहीत नाही. मला पुन्हा काम येईल असं वाटत नाही. तो आवाज मी पुसलेला नाही. तो ठेवून काय करणार तेही ठरलेलं नाही, कोणाकडे न्यायचा तेही कळत नाही. पण पुसला तर तिनं जे म्हटलं ते जगात माझ्या एकटीच्या कानात राहील, आणि माझ्या कानांचा मला भरवसा नाही.

तो का नाही, तेच शेवटी सांगायचं राहिलं. माय, एसटीत तू ते देठाचं काही बोलली नव्हतीस. मी पोरीला लहानपणापासून ते तुझं म्हणून सांगत आले, आत्ता या कागदावरही तुझ्याच नावानं लिहिलं. आडत्यापुढून निघाल्यावर तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "देठ काऊन..." आणि थांबलीस. सांडलेली वांगी पदरात गोळा करत राहिलीस. मग आर्वी ते आंजी खिडकीतून बाहेर पाहत होतीस. पुढचं सगळं मी जोडलं, तुला शहाणी करून. तू रागावणार होतीस, की रडणार होतीस, की मला नुसतं विचारणार होतीस, मला माहीत नाही. वरचं ते वाक्य आता खोडते आहे. "देठ काऊन" एवढंच ठेवते, पुढं टिंबं.