साडेचार इंच न कापण्याबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी (रायफल विभाग),
संघराज्य शस्त्रनोंदणी कार्यालय.

अर्जदार : ओरिन टीग, वय ६८, धंदा बोअरवेल खोदणे (आता निवृत्त), मु. सॉरेल फ्लॅट, वायोमिंग.

विषय : रायफलची नळी सोळा इंचांवरून साडेअकरा इंच करण्याचा माझाच अर्ज नामंजूर करणेबाबत.

संदर्भ : १) माझा दि. ११ ऑगस्ट २०२३ रोजीचा अर्ज, बोटांच्या ठशांसह.
२) आपले दि. ६ नोव्हेंबर २०२३ रोजीचे पत्र.

महोदय,

माझी कागदपत्रे परिपूर्ण असून फक्त आपली सही बाकी आहे, असे आपण संदर्भ क्र. २ अन्वये कळवले आहे. ती सही आपण करू नये, एवढ्यासाठी हा अर्ज. मी फोन केला तेव्हा आपल्या कार्यालयातील बाई म्हणाल्या, "अहो, नको असेल तर मागे घ्या. नामंजूर कशाला हवा?" त्यांना फोनवर सांगता आले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

१. गेल्या वसंतात आमच्या पलीकडच्या रँचवर चोरी झाली. चोरांनी दोन खोगिरे आणि एल्क हरणाच्या मांसाने भरलेला अख्खा फ्रीझर नेला. त्यानंतर मी ही रायफल घेतली. माझी पत्नी नेल्डा तेव्हा म्हणाली होती, "आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय? तुझा गुडघा?" मी तिचे ऐकले नाही. घराचे रक्षण पुरुषाने करायचे, अशा समजुतीत मी वाढलो आहे.

२. आमच्या निजायच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत अरुंद बोळ आहे आणि शेवटी काटकोनात वळण. रिकामी रायफल घेऊन मी रोज सराव करायचो. वळताना दर वेळी नळी स्वयंपाकघराच्या चौकटीला लागायची. नेल्डा रंगाचा डबा घेऊन मागे उभीच. गावातले बंदुकांचे दुकानदार लाइल यांचे म्हणणे पडले, "सोळा इंची घेऊन घरात फिरायचं म्हणजे मासे धरायच्या गळाची काठी घेऊन फिरणं झालं. साडेअकरा कर. दाराची माफी मागत बसावं लागणार नाही." नळीवर कुठे कापायचे तिथे त्यांनी पिवळ्या खडूने रेघही मारून दिली. सोळा इंचांखाली जायचे तर आपली परवानगी लागते, म्हणून संदर्भ क्र. १.

३. काडतुसांचा विचारही मी असाच बारकाईने केला. आमच्या भिंती जिप्सम बोर्डाच्या, जड गोळी त्यांतून आरपार जाते. लाइल यांनी हलकी, आत शिरल्यावर फुटणारी गोळी सुचवली. "ज्याला लागेल त्याच्यातच थांबते, पुढे जात नाही," हे त्यांचे वाक्य. ते मला फार आवडले होते. मी ते घरी येऊन नेल्डालाही ऐकवले.

४. दि. २२ ऑक्टोबर, रविवार, सकाळी साडेदहाच्या सुमारास. माझी पाठ धरली होती, म्हणून नेल्डा एकटीच चर्चला गेली होती. त्या दिवशी तिथे सगळ्यांनी आपापल्या घरून एकेक पदार्थ न्यायचा होता. मी पडून होतो. बाहेर गाडी थांबली, आवाज आमच्या गाडीचा नव्हता. मागचे दार उघडले. मी ओरडून विचारले, कोण आहे? उत्तर नाही. पुन्हा विचारले. स्वयंपाकघरात पावले. तिसऱ्यांदा विचारले नाही. रायफल भरलेली होती. मी बोळातून गेलो, सेफ्टीचा खटका काढला, चापावर बोट ठेवले आणि वळलो.

नळी चौकटीला लागून अडली. टक्.

मी ती मागे ओढून सोडवली, तेवढ्या वेळात मला ओव्हनसमोर वाकलेली पाठ दिसली आणि निळा कोट दिसला. नेल्डा आपला बटाटे-चीजचा ट्रे ओव्हनमध्येच विसरून गेली होती. तो न्यायला ती शेजारणीच्या गाडीतून परत आली होती. कानाचे यंत्र पर्समध्ये होते, कारण चर्चमधल्या गाण्याने ते शिट्टी मारते. धक्का मात्र तिला फरशीतून जाणवला. ती वळून म्हणाली, "पुन्हा चौकट ठोकलीस? परवाच रंग दिलाय रे!" आणि ट्रे घेऊन निघून गेली. खटका काढलेला होता हे तिला कळले नाही. मी सांगितले नाही. संध्याकाळी तिने सांगितले की ट्रे चाटूनपुसून खाल्ला सगळ्यांनी.

५. दुसऱ्या दिवशी मी कुरणात घराचा नकाशा आखला. जिप्सम बोर्ड उभे केले, मापे घरातलीच. पाण्याने भरलेले प्लास्टिकचे कॅन प्रत्येक खोलीच्या जागी ठेवले. ओव्हनच्या जागेचा कॅन खांबाला बांधला आणि उंची नीट यावी म्हणून त्यावर नेल्डाचा जुना एप्रन अडकवला. तीन जातींची काडतुसे झाडून पाहिली. जड गोळी सगळ्या भिंतींतून गेली. साधी दोन भिंतींतून. हलकी गोळी मागच्या बोर्डापर्यंत पोहोचलीच नाही, एप्रनच्या आतच थांबली. लाइल म्हणाले तसेच. मी हे त्यांना जाऊन सांगितले तेव्हा ते बराच वेळ काउंटर पुसत राहिले आणि म्हणाले, "गोळी बरोबरच निवडली होती आपण, ओरिन." त्यांची काही चूक नाही.

एप्रन मी तिथेच पुरला. तिने त्याबद्दल दोनदा विचारले आहे.

६. आता मुख्य मुद्दा. नळीवर चौकटीच्या पांढऱ्या रंगाचा ओरखडा उठला आहे. तोंडापासून मोजला, सव्वाचार इंच. लाइल यांची खडूची रेघ साडेचार इंचांवर आहे. म्हणजे जो तुकडा कापून टाकायची मी आपल्याकडे परवानगी मागितली, तोच तुकडा अडला. आपले कार्यालय महिनाभर लवकर हलले असते, तर नळी अडखळली नसती. आपल्या दिरंगाईबद्दल मी सप्टेंबरात दोन तक्रारी केल्या होत्या, त्या कृपया फाडून टाकाव्यात.

७. तेव्हापासून माझ्या घरात दोन नेल्डा आहेत. एक कॉफी करते, माझी थट्टा करते. दुसरी ओव्हनसमोर पडलेली असते. तिला ओलांडून मी फ्रीजपर्यंत जातो. पहिली विचारते, "एवढ्या मोठ्या ढांगा का टाकतोस?" मी पाठदुखी सांगतो. टक् असा आवाज कपाटाचाही येतो, कपबशीचाही येतो. मला भीती वाटते, महोदय. चोरांची नाही.

८. अर्ज मागे घेतला, तर पुढच्या चोरीनंतर मी नवा करीन, मी स्वतःला ओळखतो. म्हणून मला आपला लेखी, शिक्क्याचा नकार हवा आहे. तो मी चौकटीवर, नळीने पाडलेल्या खाचेच्या वर ठोकणार आहे. मूळ अर्जातील 'प्रयोजन' या रकान्यात मी 'घराचे संरक्षण' लिहिले होते. 'कोणापासून' असा रकाना नमुन्यात नाही, तो असावा, अशी सूचना आहे.

९. या अर्जावर साक्षीदाराची सही हवी म्हणून काल तो नेल्डाला वाचायला दिला. तिने उभ्यानेच वाचला, चौथा परिच्छेद दोनदा. मग विचारले, "खटका काढलेला होता?" मी हो म्हणालो. ती ओव्हनपासून बाजूला झाली आणि आज दिवसभर त्याच्याजवळ गेली नाही. स्वयंपाक मी केला. रात्री जेवताना म्हणाली, "आण तो कागद."

आपल्या नकाराची वाट पाहणारा, नम्र,

ओरिन टीग
दि. २० नोव्हेंबर २०२३

सोबत : १) नळीचे छायाचित्र, ओरखडा आणि खडूची रेघ दिसेल असे. २) चौकटीची ढलपी, एक. ३) न वापरलेली हलकी काडतुसे लाइल यांना परत केल्याची पावती.

साक्षीदार : नेल्डा टीग, अर्जदाराची पत्नी, वय ६६, हयात.

(शेवटचा शब्द साक्षीदाराने स्वतःच्या हाताने वाढवला आहे.)