हालब्बीची उत्तरपूजा

मी, रणोजीराव बळवंतराव घाटगे, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार मैसूर, पूर्वी मेटगळ्ळीच्या कारखान्यात लेथवर टर्नर व सध्या घरात सर्वांच्या मधेमधे करणारा, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दाबाखाली न येता आणि सकाळच्या कॉफीखेरीज कसलीही नशा न करता, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो माझा चुलतभाऊ जगन्नाथराव याने आवर्जून वाचावा.

माझी शाळा कन्नड, तीही सातवीपर्यंत. मराठी घरात बोललो आणि लिहायला कॅलेंडरच्या पाठीवरचा मजकूर वाचून शिकलो. तेव्हा यात पुण्याची मराठी शोधू नये. आमच्या वकीलबाई वेदवती यांनी कोर्टासाठी कन्नड प्रत केली आहे. दोहोंत फरक निघाला तर ही खरी धरावी.

कलम १. राहते घर माझ्यामागे मुलगा विश्वजीत याचे. परसातले कढीपत्त्याचे झाड माझी कैलासवासी पत्नी वनजा हिने लावले आहे, ते तोडू नये. गाडी लावायला जागा पुरत नाही हे मला ठाऊक आहे. गाडी लहान घ्यावी.

कलम २. माझा मायक्रोमीटर, हातोड्या व कानशी नात यशस्विनी हिला. इंजिनियरिंग शिकते, पण कानस धरते झाडूसारखी. शिकेल. बँकेतले जे काही निघेल ते तिच्या शिक्षणाला. त्यावर वाद घालण्याइतके ते नाही.

कलम ३. हालब्बीच्या पायथ्याची सहा गुंठे जमीन. खरे तर एवढा कागद मी याच कलमासाठी घेऊन बसलो आहे.

हालब्बी म्हणजे दुधाचा धबधबा. आमचे पणजोबा महाराजांच्या पागेत होते, त्यांना मिळालेल्या जमिनीतला हा तुकडा उरला. पिकत काही नाही, नुसता दगड. पण डोहाकडे जाणारी पायवाट त्यातून जाते. गावातली, मैसुरातली, कुठलीही माणसे त्या वाटेने येतात, डबे सोडतात, पोरांना अंघोळी घालतात. आमच्या घराण्यात कोणी कोणाला अडवले नाही. आता एका वीज कंपनीला ते पाणी वरच्या वरच पाइपात घालून खाली टर्बाइनवर सोडायचे आहे. पाइप उतरायला जागा दोनच तुकड्यांतून, आणि त्यांना दोन्ही हवेत. एक जगन्नाथरावाचा, तो त्याने विकला. दुसरा माझा.

जनसुनावणीत कंपनीचे साहेब म्हणाले, "धबधबा बंद होणार नाही. शनिवार-रविवारी पर्यटकांसाठी पाणी सोडू." डोहाशेजारी भाजलेली कणसे विकणाऱ्या गोदावरीबाई उठल्या. "मग सोमवारी मासे रजेवर जाणार का स्वामी?" म्हणाल्या. मागोमाग माझी सून वाणी उठली आणि असे स्वच्छ कन्नड बोलली की लिहून घेणाऱ्या कारकुनाने पेन खाली ठेवून ऐकले. लग्न होऊन आली तेव्हा ही मुलगी माझ्यासमोर मीठ मागायलाही लाजत होती.

विश्वजीतचे मत वेगळे आहे, ते इथे न लिहिणे अन्याय होईल. तो म्हणतो, "अप्पा, तुम्ही जन्मभर लेथ चालवलात तो कशावर? विजेवरच ना?" प्रश्न रास्त आहे. हेब्बाळच्या कंपनीत दिवसभर थंडगार खोलीत बसणाऱ्याला तो पडणारच. माझे उत्तर असे की विजेला मी रोज हात जोडले आहेत. पण मोठ्या धरणाची गोष्ट वेगळी आणि ओढ्याएवढ्या पाण्यावर दोन बल्ब लावून अख्खा डोह कोरडा करणे वेगळे. याला आपल्यात आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात. तो म्हणतो, "दोन बल्ब नाहीत अप्पा." बरे, चार असतील.

कलम ४. जेसीबीची पूजा. वेदवतीबाई म्हणाल्या, "रणोजीराव, पूजेचा हक्क असा मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हटले, "बसवा. मी लेथवर न बसणाऱ्या किती गोष्टी बसवल्यात." हसल्या आणि बसवले.

गेल्या वर्षी कंपनीने काम सुरू करायला नेमकी खंडेनवमी निवडली. कोर्टाला सुट्टी, कचेऱ्या बंद, अडवायला कोण येणार, असा हिशेब. त्यांचे लोक बाहेरगावचे. खंडेनवमीला सगळा मुलूख हालब्बीच्या डोहावर असतो हे त्यांना कोणी सांगितलेच नाही. आम्ही पागेवाल्यांची घरे तलवारी धुवायला आणतो, शेतकरी कोयते आणि नांगराचे फाळ, मी माझी कानस, ड्रायव्हर लोक लॉऱ्या. धुऊन, गंध-फूल वाहून हत्यार पूजेला मांडायचे, आणि ज्याने पूजा मांडली त्यानेच उत्तरपूजा करून ते हलवायचे. तोवर त्याला कामाला लावायचे नाही. हा नियम माझ्या पणजोबांच्याही आधीचा.

त्या गर्दीत, जगन्नाथरावाच्या विकलेल्या तुकड्यावर, जेसीबी येऊन थांबली. साहेब आधी दचकले, मग माणसे खूश करावीत म्हणून त्यांनीच मला बोलावले. "अज्जा, तुम्ही वडीलधारे. मशीनची पूजा तुमच्याच हातून होऊ दे."

मी विचारले, "उत्तरपूजाही माझ्याच हातून ना?"

"हो हो, सगळं तुम्हीच करा."

हे सर्वांनी ऐकले. मी झेंडूची माळ घातली, कुंकू लावले, कोहळा फोडला, अक्षता वाहिल्या, आणि सुम्ने, म्हणजे काही न झाल्यासारखा, घरी जाऊन डाळीची कोसंबरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ऑपरेटर गगन याला मशीन सुरू करायला सांगितले. गगन बेळगोळचा, त्याच्या घरी तीन पिढ्यांची वाहने. तो म्हणाला, "पूजे आगिदे सार्, की मुट्टल्ल." पूजा झाली आहे, किल्लीला हात लावणार नाही. "अज्जांनी उत्तरपूजा केली की लगेच."

साहेब माझ्या दारात. मी म्हटले, "करणार की. मुहूर्त सापडू दे."

दुसरा ऑपरेटर आला, त्याने माळ पाहिली आणि तोही फिरला. लांबच्या गावाहून तिसरा आणेपर्यंत कोर्ट उघडले, वेदवतीबाईंनी अर्ज लावला आणि हुकूम आला: जैसे थे. म्हणून ती मशीन आजही तिथेच आहे. तिच्या पुढच्या हातावर पाखरांनी घरटे केले आहे. यंदाच्या खंडेनवमीला मी तिला नवी माळ घातली. उत्तरपूजा अजून व्हायची आहे. गगनची नोकरी त्या आठवड्यातच गेली. गावाने वर्गणी काढून त्याला जुना ट्रॅक्टर घेऊन दिला, त्याची पूजाही मीच केली, आणि त्याची उत्तरपूजा मात्र लगेच.

कलम ५. घराण्याची तलवार जगन्नाथराव याला. म्यान त्याच्याकडे आणि पाते माझ्याकडे, यावरून आमच्या आज्यांपासून बोलणे बंद-चालू आहे. बाबा रे, तू जमीन विकलीस तेव्हा मी तुला जे बोललो ते मागे घेत नाही. पण पाते घे आणि म्यानात घाल. अट एवढीच की दर खंडेनवमीला ती डोहावर धुवायला आणायची. वाट माझ्या तुकड्यातून आहे, तिथे तुला कोणी अडवणार नाही. कंपनीच्या तुकड्यातून येऊन बघ, मग कळेल.

कलम ६. आता मुख्य. सहा गुंठे जमीन मी सून वाणी हिच्या नावे करतो. तिने ती पायवाटेसह सांभाळावी. जेसीबीच्या उत्तरपूजेचा हक्क मात्र मुलगा विश्वजीत याला, कारण पूजा मुलाकडेच जाते आणि तो माझा मुलगा आहे, मत काहीही असो.

विश्वजीत, तू म्हणशील की अप्पांनी शेवटी डाव टाकला. टाकला. ती मशीन हलवायची तर तुला अक्षता घेऊन त्या डोहावर उभे राहावे लागेल, समोर वाहते पाणी बघावे लागेल. आणि मशीन हलली तरी पाइप पुढे जाणार वाणीच्या जमिनीतून. म्हणजे दोघांचे एकमत लागेल. तुमचे एकमत कॉफीत साखर किती यावरही मी कधी पाहिलेले नाही, त्यामुळे मला काळजी वाटत नाही. पण खरे सांगू? डाव नसता टाकला तरी वाटली नसती. लहानपणी त्या डोहातून तुला ओढून बाहेर काढायला तुझी आई छडी घेऊन येत असे. तू अक्षता घेऊन गेलास तर काय करशील ते मला ठाऊक आहे. कंपनी गेल्याचा कागद हातात आल्यावर उत्तरपूजा कर, आणि त्या मशीनने जाता जाता पायवाटेवरचा तो मोठा दगड तेवढा बाजूला करून घे. गोदावरीबाईंचे गुडघे दुखतात.

कलम ७. माझ्या अस्थी हालब्बीच्या डोहात सोडाव्यात. जवळ कुठे सोयीचे म्हणून दुसरीकडे नेऊ नये. शनिवारी किंवा रविवारी नको, सर्वांना सुट्टी असली तरी नको. मंगळवारी न्या. पाणी असेल.

येणेप्रमाणे लिहिले, वाचले, समजले, आणि खालील दोघांच्या समक्ष सही केली. वाणीला साक्षीदार व्हायचे होते, पण ज्याला मिळते त्याने साक्ष द्यायची नसते. या दोघांना यातून काही मिळत नाही, कॉफी सोडून.

सही: रणोजीराव बळवंतराव घाटगे

साक्षीदार:
१. वेदवती, वकील, मैसूर
२. गगन, ट्रॅक्टरमालक, बेळगोळ (सही कन्नडात)

ठिकाण: मैसूर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार